प्रश्न विचारला, मग पुढे काय?

अधिवेशन संपले की आठ-पंधरा दिवस आपल्या भागातील वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते. डोंगरी वस्त्यांचा प्रश्न विधानसभेत गाजला, वनविभागाच्या अडवणुकीवर आमदारांनी शासनाला धारेवर धरले, अशा मथळ्याची. कात्रण वस्तीवर पोहोचते, शिकणारा एखादा मुलगा ते मोठ्याने वाचून दाखवतो आणि ऐकणारे विचारतात, "मग आता रस्ता होणार ना?" पाटण, जावळी आणि शिराळा तालुक्यांच्या वरच्या अंगाला फिरताना हा सवाल मला वारंवार होतो. आपल्या कार्यकर्त्यांनाही होत असणार. म्हणून या अंकात त्याचे नीट उत्तर द्यायचे ठरवले.

थोडक्यात उत्तर असे की, नुसता प्रश्न विचारल्याने रस्ता होत नाही. विजेचा खांब उभा राहत नाही, वनहक्काचा दावा मंजूर होत नाही आणि एक रुपयाही सुटत नाही. पण प्रश्नामुळे एक गोष्ट नक्की घडते. शासनाला लेखी बोलावे लागते.

ही गोष्ट लहान समजू नका. वस्तीवरच्या माणसाला आयुष्यभर तोंडी उत्तरे मिळत आलेली असतात. "फॉरेस्ट परवानगी देत नाही", "वरून आलेले नाही", "पुढच्या महिन्यात बघू". तोंडी नकाराला तारीख नसते, सही नसते, म्हणून त्याच्याविरुद्ध दादही मागता येत नाही. सभागृहात दिलेल्या उत्तराला मंत्र्यांचे नाव असते, तारीख असते आणि छापील पान असते. ते पान गावाने हाती धरले, तर प्रश्नाचे खरे काम तिथून सुरू होते. नाही धरले, तर हाती फक्त कात्रण उरते.

हा हक्क आला कुठून?

इंग्रजी राज्यात कायदे मंडळे होती, पण त्यांतील सभासदांना सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. ती १८९२ च्या कायद्याने मिळाली. मध्यवर्ती कायदे मंडळात पहिला प्रश्न विचारला गेला तो फेब्रुवारी १८९३ मध्ये, भिंगा संस्थानच्या राजांकडून. त्याचा विषय आपल्याला जवळचा वाटेल असा आहे. सरकारी अधिकारी दौऱ्यावर निघाले की त्यांच्या छावणीला सामान पुरवताना खेड्यातल्या दुकानदारांचे हाल होतात, याबद्दलचा तो प्रश्न होता. म्हणजे या देशातला पहिला संसदीय प्रश्नच मुळी खेड्याच्या गाऱ्हाण्याचा होता.

तेव्हा एकदा उत्तर मिळाले की विषय संपे. उत्तरावर उलट उपप्रश्न विचारण्याची सोय १९०९ च्या सुधारणांनी झाली, पण तीही फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्या सभासदाला. १९१९ नंतर इतर सभासदांनाही उपप्रश्न विचारता येऊ लागले. तरीही मत कोणाला होते? बहुतेक करून ठरावीक रकमेचा सारा किंवा कर भरणाऱ्यांना. ज्यांची गुरे जंगलात चरत होती आणि ज्यांची चूल जंगलाच्या लाकडावर पेटत होती, त्यांतील बहुतेकांना मतच नव्हते.

१९३० साली बिळाशीला जंगल सत्याग्रह झाला, तो या पार्श्वभूमीवर. बिळाशी आज सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात आहे. त्या वेळी हा सारा भाग सातारा जिल्ह्यातच होता. पुढे १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. ज्यांचा प्रश्न सभागृहात पोहोचत नाही ते स्वतः जंगलात जातात, हे त्या काळाने दाखवून दिले. आज मत सर्वांना आहे आणि प्रश्नाची वाटही मोकळी आहे. अडचण आहे ती निराळीच.

आपल्या दोन जिल्ह्यांची अडचण

विधानसभेत २८८ आमदार आहेत. त्यांतील २५ जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. सातारा जिल्ह्यातून आठ आणि सांगली जिल्ह्यातून आठ असे १६ आमदार निवडून जातात, पण त्यांत आदिवासींसाठी राखीव जागा एकही नाही. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्र नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत आहे. शेजारच्या पुणे जिल्ह्यातही ते आहे. सातारा आणि सांगलीत मात्र ते नाही. त्यामुळे पेसा कायद्याने ग्रामसभेला मिळणारे विशेष अधिकार इथे लागू होत नाहीत.

लोकसंख्याही विखुरलेली आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे या दोन्ही जिल्ह्यांत अनुसूचित जमातींचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. कुठे चार घरांची कातकरी वस्ती, कुठे गावाबाहेर पारध्यांची पाले. कोयना आणि चांदोलीच्या डोंगरात गवळी धनगरांचे वाडे आहेत. त्यांचे जगणे पूर्णपणे जंगलातले असले तरी राज्याच्या यादीत ते भटक्या जमातींत येतात, अनुसूचित जमातींत नाहीत. आदिवासी विकास विभागाचे आपल्यासाठीचे प्रकल्प कार्यालय पुणे जिल्ह्यात घोडेगावला आहे. शिराळ्याच्या डोंगरातल्या माणसाने घोडेगावला जाऊन यायचे म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडवणे आले.

याचा अर्थ उघड आहे. मतांच्या हिशेबाने या वस्त्या कुणाच्याच नाहीत. त्यांचा प्रश्न आपोआप सभागृहात जाणार नाही, तो कुणीतरी तयार करून आमदारांच्या हाती द्यावा लागेल. आमदार मुद्दाम दुर्लक्ष करतात असे मी म्हणत नाही. लाखोंच्या मतदारसंघात दहा घरांच्या वाड्याचा गट नंबर त्यांना ठाऊक असावा, ही अपेक्षाच धरता येत नाही. तो आपल्याला ठाऊक असतो. तो पोहोचवणे हे आपले काम आहे.

दार एकच आहे असेही नाही. विधान परिषदेत स्थानिक स्वराज्य संस्थांचा सांगली-सातारा हा एकच मतदारसंघ आहे. पुणे विभागाच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतही आपले दोन्ही जिल्हे येतात. लोकसभेसाठी मात्र नीट पाहावे लागते. शिराळा आणि इस्लामपूर हे भाग हातकणंगले मतदारसंघात आहेत, तर फलटण आणि माण हे माढा मतदारसंघात. चुकीच्या खासदारांकडे दिलेले निवेदन बहुधा तिथेच पडून राहते.

जंगल कुणाचे, प्रश्न कुणाला?

लोक सरसकट "फॉरेस्ट" म्हणतात, पण कागदावर त्याचे अनेक प्रकार आहेत. राखीव वन वेगळे, संरक्षित वन वेगळे, अभयारण्य वेगळे, राष्ट्रीय उद्यान वेगळे. गावाचे गायरान तर बहुतेक ठिकाणी वनखात्याचे नसतेच. ते महसुलाकडे किंवा ग्रामपंचायतीकडे असते. खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांत बरेच वाद गायरानाचे असतात आणि लोक मात्र वनखात्याला बोल लावतात.

आपल्या पश्चिम पट्ट्यात गुंतागुंत जास्त आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेल्या या प्रकल्पाचे क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर आहे. त्यातला सुमारे ६०० चौरस किलोमीटरचा गाभा आणि उरलेला बफर. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून जाहीर झाली, त्यांत कोयना, चांदोली आणि कासही आहेत. सारे जग ज्या जंगलाकडे वारसा म्हणून पाहते, त्याच जंगलाच्या कडेच्या वाड्यावरून पावसाळ्यात आजारी माणसाला झोळी करून खाली आणावे लागते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आपला प्रश्न विचारताना दोन्ही ध्यानात ठेवाव्या लागतात.

व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र संचालक कोल्हापूरला बसतात. त्याबाहेरची जंगले सातारा आणि सांगलीच्या उपवनसंरक्षकांकडे आहेत. वस्ती यांपैकी कुणाच्या हद्दीत आहे, हे आधी ठरवावे. वनरक्षकाला विचारून कक्ष क्रमांक, म्हणजे ज्याला आपण कंपार्टमेंट नंबर म्हणतो, तो लिहून घ्यावा.

मग मंत्री ठरतात. झाडतोड, चराई, वन्य प्राण्यांनी केलेले नुकसान हे वनमंत्र्यांकडे. वनहक्काचे दावे मात्र आदिवासी विकास मंत्र्यांकडे, कारण त्या कायद्याच्या अंमलबजावणीचा मुख्य विभाग तोच आहे. गायरान आणि सातबारा महसूलमंत्र्यांकडे, धरणग्रस्तांच्या जमिनी मदत व पुनर्वसन विभागाकडे, अंगणवाडी महिला व बालविकासकडे, रेशन अन्न व नागरी पुरवठ्याकडे. एकाच कागदात साऱ्या मागण्या कोंबल्या की प्रत्येक विभाग दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

जंगल हा विषय १९७६ पासून केंद्र आणि राज्य या दोघांच्या यादीत आहे, त्यामुळे खासदारांनाही दिल्लीत प्रश्न विचारता येतो. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. पण एखाद्या वाड्याच्या प्रश्नाला दिल्लीतून बहुधा एवढेच कळवले जाते की अंमलबजावणी राज्य शासनाची जबाबदारी आहे. म्हणून वस्तीचा प्रश्न आधी मुंबईला न्यावा. कायद्याच्या अर्थाचा किंवा केंद्राच्या निधीचा असेल तर दिल्लीला.

कलम ३(२) : प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक हवे असे

२००६ च्या वनहक्क कायद्याबद्दल आपण पूर्वीही लिहिले आहे. तो पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रापुरता नाही, आपल्या जिल्ह्यांतही पूर्णपणे लागू आहे. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानातील जमीनही त्याच्या व्याख्येत येते. गवळी धनगरांसारखे लोक त्यात इतर पारंपरिक वननिवासी म्हणून दावा करू शकतात. मात्र त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. ७५ वर्षे मागे मोजली की आपण १९३० सालात पोहोचतो, बिळाशीच्या सत्याग्रहाच्या वर्षात. ज्या वर्षी इथले लोक जंगलाच्या हक्कासाठी उभे राहिले, त्याच वर्षापर्यंतचा पुरावा आज त्यांच्या नातवंडांकडे मागितला जातो.

याच कायद्याचे कलम ३(२) गावाच्या सोयींसाठी आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज आणि दूरसंचाराच्या तारा, तळी, पिण्याच्या पाण्याची योजना व जलवाहिनी, पावसाचे पाणी साठवण्याची बांधकामे, लहान कालवे, अपारंपरिक ऊर्जा, कौशल्य प्रशिक्षण केंद्र, रस्ते आणि समाजमंदिर अशा तेरा सोयींसाठी वनजमीन देता येते. अटी तीन आहेत. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागावी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. पाच मीटर रुंदीचा दोन किलोमीटर रस्ता बरोबर एक हेक्टर होतो. म्हणजे त्याहून थोडा कमी रस्ता या कलमात बसतो. अशा कामासाठी १९८० च्या वन संवर्धन कायद्याखालची दिल्लीची लांबलचक परवानगी लागत नाही. अभयारण्याच्या आत वन्यजीव कायद्याची बाजूही पाहावी लागते, हे मात्र लक्षात असू द्या.

"फॉरेस्ट परवानगी देत नाही" असे ऐकल्यावर पहिला सवाल हाच विचारावा : कलम ३(२) चा प्रस्ताव कुणी केला होता का? अनेकदा उत्तर नाही असेच येते. ज्याने मागितलेच नाही त्याला नाकारलेही नाही. अशा वेळी आधी ग्रामसभेचा ठराव, मग प्रस्ताव, आणि तो अडला तर सभागृहातला प्रश्न, असा क्रम ठेवावा.

प्रश्नाचे प्रकार

तारांकित प्रश्न म्हणजे ज्याच्या क्रमांकावर चांदणीची खूण असते तो. प्रश्नोत्तराच्या तासात मंत्री त्याचे तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. तास संपल्यामुळे पुकारला न गेलेल्या प्रश्नाचेही लेखी उत्तर छापले जाते. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते. ते उशिरा येते, पण आकडेवारी काढायला हाच प्रकार चांगला. प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात. अधिवेशन सुरू झाल्यावर आमदारांना गाठून उपयोग नसतो.

तातडीच्या विषयासाठी विधानसभेत नियम १०५ खाली लक्षवेधी सूचना देता येते. दरड कोसळली, साथ आली, बिबट्याने माणूस मारला, तर हा मार्ग आहे. मिळालेल्या उत्तराने समाधान झाले नाही तर अर्धा तास चर्चा मागता येते. मोठ्या सार्वजनिक विषयावर विधानसभेत नियम २९३ आणि परिषदेत नियम २६० खाली चर्चा होते.

समित्यांकडे आपले लोक कमी लक्ष देतात. मंत्र्यांनी सभागृहात "करू" म्हटले की ते आश्वासन होते आणि ते पाळले की नाही हे आश्वासन समिती पाहते. अनुसूचित जमाती कल्याण समिती दोन्ही सभागृहांची मिळून असते. ती जिल्ह्यात येऊन अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारते. तिचा दौरा लागला की वस्तीचा कागद तिच्यापुढे गेलाच पाहिजे.

उत्तर लिहितो कोण?

प्रश्न मंत्रालयात जातो. तिथून तो विभागाच्या वरिष्ठ कार्यालयाकडे, तिथून जिल्ह्यात उपवनसंरक्षकांकडे, मग वनपरिक्षेत्र अधिकारी, वनपाल आणि शेवटी वनरक्षकापर्यंत उतरतो. माहिती त्याच पायऱ्यांनी पुन्हा वर चढते आणि मंत्र्यांच्या तोंडून बाहेर पडते. याचा अर्थ असा की ज्या टेबलावर आपली फाईल अडलेली असते, उत्तराचा कच्चा मसुदाही बऱ्याचदा तेच टेबल तयार करते.

याचा तोटा कळण्यासारखा आहे. फायदाही आहे. प्रश्न खाली आला की धूळ खात पडलेली फाईल कुणीतरी उघडतो. उत्तर जाण्याआधीच काम पुढे सरकल्याचे मी एकाहून अधिक वस्त्यांवर पाहिले आहे, कारण प्रलंबित लिहिण्यापेक्षा कार्यवाही सुरू केली असे लिहिणे सर्वांनाच बरे वाटते. मात्र प्रश्नात मोघमपणा असेल तर टेबलाला निसटायला जागा मिळते.

उदाहरण घेऊ. छापील प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, अमुक हे खरे आहे काय, असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय. समजा प्रश्न असा गेला : "सातारा जिल्ह्यातील वनक्षेत्रातील सर्व धनगरवाड्यांना रस्ते नाहीत, हे खरे आहे काय?" एखाद्या जरी वाड्याला रस्ता असेल, तर उत्तर येईल, "हे खरे नाही." आणि पुढच्या साऱ्या भागांसमोर, "प्रश्न उद्भवत नाही." एका "सर्व" या शब्दाने अख्खा प्रश्न बुडाला.

आता हाच प्रश्न असा करा : अमुक तालुक्यातील अमुक ग्रामपंचायतीच्या अमुक वाडीला जोडणाऱ्या, अमुक कक्ष क्रमांकातून जाणाऱ्या, अमुक मीटर रस्त्यासाठी ग्रामसभेने अमुक तारखेस वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली ठराव करून प्रस्ताव पाठवला आहे, हे खरे आहे काय, असल्यास तो आज कोणत्या कार्यालयात किती काळ प्रलंबित आहे, नामंजूर केला असल्यास कोणत्या कारणाने. याला "हे खरे नाही" म्हणता येत नाही, कारण आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत आपल्याकडे असते.

उत्तर वाचावे कसे?

"हे खरे आहे" म्हणजे शासनाची कबुली. याहून मोलाचा कागद नाही. "अंशतः खरे आहे" असे आले तर कोणता अंश खरा ते खाली शोधावे. बहुतेक वेळा आपल्याला हवे असलेले तिथेच सापडते. "हे खरे नाही" आले तर आपली माहिती पुन्हा तपासावी, आणि ती पक्की असेल तर पुराव्यासह आमदारांकडे परत जावे. सभागृहाला मुद्दाम चुकीची माहिती देणे ही गंभीर बाब आहे, त्यावर हक्कभंगाची सूचना देता येते. "कार्यवाही सुरू आहे" किंवा "माहिती घेण्यात येत आहे" यातून काही कळत नाही, पण ती तारीख टिपून ठेवावी. पुढच्या अधिवेशनात त्याच तारखेचा हवाला देऊन पुढचा प्रश्न करता येतो.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत विचारण्यासारखा एक प्रश्न सुचवतो. आदिवासी उपयोजना क्षेत्राबाहेरील जिल्ह्यांना जिल्हा वार्षिक योजनेतून आदिवासींसाठी वेगळा निधी असतो. त्यातून गेल्या तीन वर्षांत किती मिळाले, किती खर्च झाले, कोणत्या वस्त्यांवर, आणि किती परत गेले? या प्रश्नाला आकड्यातच उत्तर द्यावे लागते.

गावाने काय करावे?

प्रश्न देण्याआधी एका पानावर इतके लिहून काढा : वस्तीचे पूर्ण नाव, ग्रामपंचायत, तालुका, घरांची संख्या, गट नंबर किंवा कक्ष क्रमांक, ग्रामसभेच्या ठरावाची तारीख, कोणत्या कार्यालयाला कधी पत्र दिले आणि त्याचा आवक क्रमांक. मागणी एकच ठेवा. माणसांची वैयक्तिक गाऱ्हाणी, कुणा कर्मचाऱ्यावरचा राग, गावातले राजकारण यांतले काही त्यात येऊ देऊ नका. अशा कागदाचा प्रश्न होतच नाही.

उत्तर आले की ते मिळवा. विधिमंडळाच्या आणि संसदेच्या संकेतस्थळांवर प्रश्नोत्तरे उपलब्ध असतात, आमदारांच्या कार्यालयातही प्रत मिळते. ते ग्रामसभेत मोठ्याने वाचा, इतिवृत्तात नोंदवा, आणि उपविभागीय किंवा जिल्हास्तरीय वनहक्क समितीपुढे जाताना सोबत जोडा. दावा फेटाळला गेला तर अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे. ती चुकवून सभागृहातल्या प्रश्नाची वाट पाहत बसू नका. प्रश्न हा अपिलाच्या जागी चालत नाही.

आणि प्रत्येक गोष्ट सभागृहात नेऊही नये. हातपंप नादुरुस्त असेल, रेशनकार्डावर नाव चढायचे असेल, तर तहसील आणि पंचायत समितीतच ते काम होते. सभागृहाचा वेळ थोडा असतो. तो तिथेच खर्चावा, जिथे खालची दारे ठोठावून झाली आहेत आणि लेखी नोंद आहे.

मला सर्वांत जास्त आशा वाटते ती प्रश्न तयार करण्याच्या कामातच. एक पान भरण्यासाठी वस्तीला आपली घरे मोजावी लागतात, आपली हद्द पाहावी लागते, ग्रामसभेला बायाबापड्यांसह हजर राहावे लागते. जो वाडा हे करतो, त्याला वनरक्षकाशी बोलतानाही वेगळा जोर येतो. शासनाला प्रश्न विचारण्याआधी गाव स्वतःला ओळखू लागते.

विधिमंडळाची अधिवेशने वर्षातून तीनदा होतात : फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास अर्थसंकल्पीय, पावसाळ्यात दुसरे आणि डिसेंबरच्या सुमारास नागपूरला हिवाळी. त्या प्रत्येकाच्या दोन महिने आधी आपल्या वस्तीचे एक पान तयार असावे. ज्या कार्यकर्त्यांना ते लिहिताना मदत हवी असेल त्यांनी ग्रामसभेच्या ठरावाची प्रत घेऊन संस्थेच्या कार्यालयात यावे. ठराव अजून झाला नसेल, तर सुरुवात तिथूनच करू.